पच्चक्खाण न घेतलेला उपास

माणसावर विश्वास ठेवायला मला कधी कुणी शिकवलं नाही, आणि पुढे नोकरी अशी मिळाली की शिकण्याची गरजही उरली नाही. मी नंदुरबारच्या जकात नाक्यावर कारकून होतो. दोंडाईच्याकडून येणाऱ्या वाटेवर पत्र्याची चौकी, तिच्यापुढे आडवा बांबू आणि माझ्या हातात टोकदार लोखंडी सळई. गाडीवाला म्हणायचा, गवत आहे. मी सळई खुपसायचो आणि आत गुळाची ढेप लागायची. मिरचीच्या पोत्यात तुपाचा डबा, नवरीच्या पेटाऱ्यात साखर. एकदा तर आजारी म्हातारा म्हणून एकाला गाडीत आडवा घातलेला, आणि त्याच्या गादीखाली सुपारी. पाच-सहा वर्षं हे केल्यावर माणसाचं असं होतं की कुणी राम राम घातला तरी हा काय लपवतोय हेच आधी मनात येतं. लोक मला मागून 'सळई' म्हणत. मला ते माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, थोडं आवडतही होतं.

आम्ही जातीने ओसवाल, धर्माने जैन. पणजोबा मारवाडातून आले. आजोबांपर्यंत घरात मारवाडी टिकली, आमच्या तोंडात मात्र अहिराणीच बसली. धर्म मी आईवर सोपवला होता. ती रोज सामायिक करायची, म्हणजे दोन घटका ध्यानाला बसायची, मी तिच्या पुण्याईवर निभावून न्यायचो. घरात कांदा-लसूण येत नसे, म्हणून मी नाक्यावरच्या शिपायाच्या शिदोरीतला कांदा खायचो आणि घरी जाण्याआधी बडीशेप चघळायचो. जो स्वतः बडीशेप चघळतो त्याला दुसऱ्याच्या तोंडाचा वास आधी येतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असावं.

तर एका आषाढात, चातुर्मास बसतो ती चौमासी चौदस दोन दिवसांवर असताना, चार साध्वी पायी चालत नाक्याशी आल्या. अनवाणी. पांढरी वस्त्रं मातीने पिवळटलेली, तोंडावर मुहपत्तीची पट्टी, काखेत झाडणीसारखा लोकरीचा ओघा, पाठीवर गाठोडी. आपल्या गावात चातुर्मास करायला महासतीजी येणार, हे आई महिनाभर सांगत होती. मी बांबू वर केला नाही.

"गाठोड्यात काय आहे?" मी विचारलं.

माझा शिपाई गावातल्या जुन्या मुसलमान घरातला, तीस वर्षं नाक्यावर काढलेला. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "राव, त्यासना गठोडामां काय ऱ्हाई? जाऊ द्या ना."

थोरल्या साध्वी साठीच्या असाव्यात. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. ठेवण्याआधी तेवढी जागा ओघ्याने हळूच झाडली, मुंगी चिरडू नये म्हणून, आणि मग गाठ सोडली. आत तीन लाकडी पात्रं, एक जादा वस्त्र, हाताने लिहिलेल्या पोथ्यांची चार पानं. पैसा नाही, धातूची वस्तू नाही. सुईसुद्धा नाही. मागाहून कळलं की कपडा फाटला तर श्रावकाच्या घरून सुई मागून आणायची आणि सूर्य मावळायच्या आत परत करायची, असा त्यांचा नियम. मला तेव्हा एवढंच वाटलं की ज्या गाठोड्यात काहीच सापडत नाही, ते गाठोडं नीट बघितलेलं नसतं.

"नीट पाहा भाई," त्या म्हणाल्या. त्यांची बोली मारवाडी-हिंदी मिसळीची होती, मी इथे ती मराठीत देतो. "तुमचं काम आहे."

रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी बांबू वर केला. संध्याकाळी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई दारातच उभी होती.

"देवमानसं शेतस त्या, आनि तू त्यासनं गठोडं सोडाले लावस? तुले काय व्हयनं रे?"

मी हात-पाय धुतले आणि जेवायला बसलो. ताट नेहमीप्रमाणे बहिणीने वाढलं.

तिच्याबद्दल आता सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे. माझ्याहून दहा वर्षांनी धाकटी. सतराव्या वर्षी विधवा झाली आणि महिनाभरात सासरच्यांनी तिला एका पेटीसह आमच्याकडे आणून सोडलं. त्याला पाच वर्षं झाली होती. घरात आम्ही सात माणसं: आई, मी, बायको, तीन मुलं आणि ती. पहाटेचं दळण तिचं, स्वयंपाक तिचा, माझ्या मुलांच्या वेण्या-आंघोळी तिच्या. ती कधी कशाला नाही म्हणाली नाही आणि कधी काही मागितलं नाही. विधवा बहिणीला मी चांगलं सांभाळतो, असं गावात माझं नाव होतं. मलाही ते पटत होतं.

त्या चातुर्मासात ती दुपारचं काम उरकून स्थानकात, म्हणजे साध्वी उतरल्या होत्या त्या धर्मस्थानी, जाऊ लागली. आधी आईबरोबर, मग एकटी. पंधरा दिवसांत तिला प्रतिक्रमणाची, म्हणजे घडलेल्या चुकांची क्षमा मागायची, सूत्रं तोंडपाठ. घरात पाणी उकळून गार केलेलंच ती प्यायची, बटाटा सोडला, पावसाळ्यात हिरवी पालेभाजी सोडली. चुलीत लाकूड घालण्याआधी ते उलटंपालटं करून आपटायची, आत किडा-मुंगी असेल तर निघून जावी म्हणून. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आणि मग पर्युषणाच्या थोडं आधी तिने आईपाशी बोलून टाकलं, मला दीक्षा घ्यायची आहे.

मी त्या रात्री जेवलो नाही. माझा अंदाज पक्का होता. साधू-साध्वींचा मोठेपणा शिष्यांवर मोजला जातो. बावीस वर्षांची, धडधाकट, अर्धं शास्त्र पाठ झालेली, मागे रडायला नवरा-मूल नाही. असा माल कोण सोडेल? या बायकांनी माझं घर हेरलं होतं, असं मला वाटलं. नाक्यावर मी त्यांचं गाठोडं सोडलं आणि त्या माझ्या घराची गाठ सोडायला निघाल्या.

आमच्यात घरच्यांच्या आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही. बाप नाही, म्हणजे आज्ञा माझी. सासरच्यांचीही लागते, म्हणून आईने त्यांना पत्र घातलं. आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं, त्यावर एकच ओळ: आमची हरकत नाही. पाच वर्षांत त्यांनी एवढ्या तत्परतेने कधी काही कळवलं नव्हतं. मी ते कार्ड उजेडाला धरून पाहिलं. जणू त्यात दुसरी ओळ दिसणार होती.

मग मी स्थानकात व्याख्यानाला जायला लागलो. ऐकायला नाही, पकडायला. मागच्या खांबाला टेकून बसायचो. थोरल्या साध्वी बोलायच्या साध्याच. त्यांचा आवाज मुहपत्तीतून येई, म्हणून सगळी सभा पुढे झुकून ऐकायची. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही शहाद्याला तापीच्या पलीकडचं गाव म्हणता. शहाद्याची माणसं तुम्हाला पलीकडची म्हणतात. दोघंही खरं बोलतात. पण आपण नुसतं 'पलीकडे' म्हणतो, 'आमच्याकडून' हा शब्द गाळतो, आणि तिथून भांडण सुरू होतं. आपल्या तीर्थंकरांनी तो गाळलेला शब्द परत घालायला सांगितला." लोकांनी माना डोलावल्या. मी मनात म्हटलं, हुशार बाई आहे. असं बोललं की कुणी शब्दात पकडायलाच नको.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तीर्थंकरांची कथा होती. त्यांनी राज्य सोडलं आणि ते भिक्षेला निघाले. जगातले ते पहिलेच भिक्षू, त्यामुळे भिक्षा म्हणजे काय हे लोकांना माहीतच नाही. कुणी हत्ती पुढे केला, कुणी घोडा, कुणी रत्नं, कुणी स्वतःची मुलगी. अन्न कुणाला सुचलं नाही. ते काही बोलत नव्हते, दारोदार जात होते. वर्षाहून जास्त काळ असाच उपाशी गेला आणि मग एकाने उसाचा रस दिला.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "वर्षभर माणूस दारात उभा राहतो आणि त्याला भूक लागली आहे हे एकालाही कळत नाही? सगळा देशच आंधळा होता काय?" बहीण ताटं घासत होती, ती घासत राहिली.

शेवटी मी सरळ जाऊन विचारलं. दुपारी, दार उघडं, दोन म्हाताऱ्या श्राविका बसलेल्या; पुरुष आला तर साध्वी एकट्याने बोलत नाहीत. म्हटलं, "माझी बहीण तुम्हाला हवी आहे का?"

"नाही," थोरल्या म्हणाल्या. "तिने दोनदा विचारलं, मी दोनदा थांब म्हटलं. पाच महाव्रतं आहेत, भाई. जीव दुखवायचा नाही, खोटं बोलायचं नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, ब्रह्मचर्य सोडायचं नाही आणि काही आपलं म्हणून ठेवायचं नाही. ही मरेपर्यंतची गोष्ट आहे. तिला मी अजून ओळखत नाही."

मी रस्त्याने विचार करत आलो. नको म्हणायचं आणि गिऱ्हाईक आणखी पुढे ओढायचं, हे तर आमच्या बाजारातलं पोरही जाणतं.

आता माझी खोडी ऐका. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. साध्वी गोचरीला निघतात तेव्हा घराघरातून थोडं थोडं घेतात आणि तेही घरच्यांनी स्वतःसाठी शिजवलेल्यातलं. मुद्दाम त्यांच्यासाठी केलेलं त्यांना चालत नाही, कारण मग चूल त्यांच्यासाठी पेटली, पाणी त्यांच्यासाठी ओतलं आणि त्यात मेलेले जीव त्यांच्या नावावर चढले. देणाऱ्याचा हात त्या क्षणी कच्च्या पाण्याला किंवा हिरव्या भाजीला लागलेला असला तरी त्या परत फिरतात. म्हटलं, पाहू यांना खरंच कळतं का. नाक्यावर निरोप पाठवला, ताप आला. बायकोला तूप-गुळाची लापशी करायला लावली, सण ना वार. बहिणीला आईबरोबर एका आजारी नातेवाइकाकडे पाठवून दिलं.

साडेदहाच्या सुमारास थोरल्या आणि एक तरुण साध्वी दारात आल्या. मी हात जोडून "पधारो" म्हटलं. लापशीचं भांडं पाहून त्या थांबल्या.

"आज काही आहे घरात?"

"मुलीचा वाढदिवस," मी म्हणालो. मुलगी माघात जन्मलेली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पात्र पुढे केलं. बायकोने दोन पळ्या घातल्या. त्या गेल्यावर मी मांडीवर थाप मारली. कळत नाही! काही कळत नाही यांना! एवढं शास्त्र, एवढा विवेक, आणि जकात नाक्याच्या कारकुनाने दोन पळ्या लापशीत गुंडाळलं.

अर्ध्या तासाने बहीण परतली. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने तिला दारातच आनंदाने सांगितलं की आज महासतीजींसाठी लापशी केली आणि माझा वाढदिवस पण झाला. बहीण आत आली नाही. दारात काढलेल्या चपला न घालता तशीच उलट्या पावली स्थानकाकडे गेली.

परत आली ती तासाने. मी ओसरीवर बसलो होतो.

"त्यासनी अजून खादं नव्हतं," ती म्हणाली. "आखं पातरं गावबाहेर सुकी जमिनवर परठी दिनं. सगळ्या घरसनं एकमां मिसळेल व्हतं. आज चारी जनी उपाशी शेतस."

परठणं म्हणजे अन्न निर्जीव जागी मातीत मिसळून टाकणं. लापशी एका पात्रात, पण त्याच पात्रात चार घरच्या पोळ्या होत्या. गोचरीची वेळ टळली होती.

"तू चुगली करी उनी?" मी ओरडलो.

"तू मन्हा मोठा भाऊ शे," ती म्हणाली. "तुन्हं पाप वाढू नही, म्हनीसन सांगी उनू."

पाच वर्षांत ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती. मला राग आला आणि रागाच्या तळाशी दुसरंही काही होतं, तिकडे मी पाहिलं नाही. आता थोरल्या साध्वी गावात माझी शोभा करणार, म्हणून मी दोन दिवस बाजारातून मान खाली घालून गेलो. कुणीच काही बोललं नाही. त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. उलट व्याख्यानात मी दिसलो तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "परवा तुमच्या दारात मी एकदाच विचारलं. कामाच्या दिवशी घरधनी घरी, सणाविना लापशी, मी दोनदा विचारायला हवं होतं. चूक माझी. मी तिचं प्रायश्चित्त घेतलं आहे."

घ्या! फसवलं मी आणि उपास यांचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? त्या रात्री मी बायकोला म्हणालो, जी बाई रागावत नाही तिच्यापासून फार सांभाळून राहायला हवं. बायको म्हणाली, "तुम्हले आते औषधच नही."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पुन्हा आमच्या गल्लीची पाळी आली. मी घरीच होतो, या वेळी खरोखर सुटी होती. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून मी पाहत होतो. बहीण चुलीपासून लांब, कोरड्या हाताने उभी होती. तिने टोपलीतल्या दोन पोळ्या उचलल्या आणि पात्रात ठेवायला वाकली.

थोरल्यांनी पात्र मागे घेतलं.

"टोपलीत मागे किती राहिल्या?"

बहीण रिकाम्या टोपलीपुढे सरकली.

"घरची सगळी जेवली?"

"हा."

"मग या दोन कुणाच्या?"

"मन्ह्या."

"त्या मला दिल्यावर तू पुन्हा चूल पेटवणार?"

"नही. आज मन्हा उपास शे."

"काल?"

"काल एकासन व्हतं."

एकासन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं व्रत. हे मी घरात पाच वर्षं ऐकत होतो. संध्याकाळी ती कधी पानावर दिसली नाही, तर आई कौतुकाने सांगायची, तिचं एकासन असतं. चांगलं आहे म्हणून मी पुढचा घास घ्यायचो.

थोरल्या साध्वींनी पात्र खाली केलं. मग म्हणाल्या, "या चातुर्मासात एकासनाचं पच्चक्खाण तू माझ्याकडे एकदाही घेतलं नाहीस. उपासाचंही नाही. मी रोज वाट पाहायची, ही मुलगी एवढी तप करते म्हणतात, मग पच्चक्खाण घ्यायला का येत नाही?"

पच्चक्खाण म्हणजे गुरूसमोर हात जोडून घेतलेला नियम. आमच्यात नवकारशीपासून, म्हणजे उजाडल्यावर दोन घटका न खाण्यापासून, महिनाभराच्या उपासापर्यंत कोणतंही व्रत त्याच्याशिवाय सुरू होत नाही. लहान पोरंसुद्धा पाठ म्हणतात. मलाही ते येत होतं.

"पच्चक्खाण न घेता उपाशी राहिलं तर तो उपास नसतो, बाई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ती नुसती भूक असते. किती वर्षं आहे ही?"

बहिणीच्या हातातल्या पोळ्या तशाच होत्या. उत्तर दिलं ते माझ्या बायकोने, चुलीकडे पाहत, मला उद्देशून.

"तुम्हीच म्हनेल व्हतात. पहिला सालले. जेवता जेवता. म्हने, नाका एक आनि खानारी तोंडं सात."

मला आठवेना. देवाशप्पथ आठवेना. म्हटलं असेन. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी वाक्यं दिवसाला दहा असायची. त्यातलं एक तिने उचललं आणि पाच वर्षं पाळलं. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं आणि संध्याकाळी एकासन म्हणायचं. घरात धर्म असा उपयोगी पडला होता. धर्माचं नाव घेतलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आणि या दोन महिन्यांत त्या उरल्यासुरल्यातलंही ती पात्रात घालत होती.

गाडीतल्या गवताखालची ढेप मला चार हातांवरून कळायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या घटकेला मला जमिनीत शिरावंसं वाटलं, हे मी आज लिहितो आहे, तेव्हा मात्र मी दाराआडून पुढे आलो आणि भांडायच्या सुरात म्हणालो, "मग आता काय करायचं?"

"दीक्षा नाही," थोरल्या साध्वी म्हणाल्या. त्या बहिणीशी बोलत होत्या, माझ्याशी नाही. "त्याग त्याचा होतो जे आपल्यापाशी असतं. तुझ्यापाशी घर नाही, ताट नाही, तू सोडणार काय? तू घरातून निघते आहेस की घराने तुला आधीच काढलंय, हे तुलाच माहीत नाही. मला तर मुळीच नाही. आणि तू व्रताचं नाव घेऊन खोटं बोललीस. खोटं न बोलणं हे आमचं दुसरं महाव्रत आहे." मग माझ्याकडे वळून, "वर्षभर हिला पोटभर जेवू घाला, भाई. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्या आधी नाही आणि मागेही नाही. त्यानंतरही हिचं मन तेच राहिलं तर आज्ञा द्यायची की नाही ते तुम्ही बघा."

त्या रिकामं पात्र घेऊन पुढच्या घरी गेल्या.

माझ्या मनात पहिलं काय आलं? आनंद झाला. सुटलो, म्हटलं, बहीण घरात राहिली. मग तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीशी बसली होती, दोन पोळ्या मांडीवर, आणि रडत होती, आवाज न करता. एक दार तिने स्वतःच्या हिमतीने शोधलं होतं आणि तेही माझ्या घराने लावलं होतं.

कार्तिकी पुनव झाली आणि साध्वी पायीच नवापूरच्या वाटेने गेल्या. त्यानंतरचं वर्ष मी माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त पहारा केला. जेवायला ती माझ्यासमोर बसायची, मी तिची पोळी मोजत नव्हतो असं म्हणता येणार नाही. पहिले काही दिवस तिला दोन पोळ्यांपुढे घास जाईना. ती माझ्याकडे चोरून बघायची, हा मला का खाऊ घालतोय म्हणून. आता संशय तिच्याकडे गेला होता, आणि तो बरोबरच होता. मी तिला ठेवून घ्यायला बघत होतो. बाजारातून जिलबी आणली. मुलांबरोबर आगगाडीत बसवून नवापूरपर्यंत फिरवून आणलं. सुधारक मंडळींत एक ओळख होती, त्यांच्यामार्फत एक बिजवर बघितला, पुनर्विवाहाला तयार असलेला, चांगल्या घरचा. तिला विचारलं तेव्हा ती हसली. तिला हसताना मी किती वर्षांनी पाहिलं कुणास ठाऊक. पण हो म्हणाली नाही.

आणि मी तिची पेटीसुद्धा उघडली. साध्वींचा काही निरोप, चिठ्ठी, ठरलेली खूण सापडेल म्हणून. दोन लुगडी, एक फणी, स्वतःच्या अक्षरात उतरवलेली सूत्रं. पोस्टमनला सांगून ठेवलं होतं की तिच्या नावाचं काही आलं तर आधी मला. वर्षात एक ओळ आली नाही. त्या बायका खरंच निघून गेल्या होत्या. नाक्यावरही माझा हात इतका रिकामा कधी राहिला नव्हता.

ती हळूहळू भरली. गालावर मांस आलं, आवाज मोठा झाला. आईशी वाद घालायला लागली, माझ्या बायकोला "आज तू दळ" म्हणायला लागली. तब्येतीची, तोंडाळ, घरातली एक. मला वाटायला लागलं की जिंकलो. दुसरा चातुर्मास आला नि गेला, तिने दीक्षेचं नाव काढलं नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. खानदेशातल्या लेकी माहेरी आल्या, गल्लीतल्या निंबाला झोके बांधले, दिवसभर गाणी. आमच्याकडे आमरस होता. सगळे एका ओळीत बसलो. ती माझ्या समोरच होती. तिने तीन पोळ्या खाल्ल्या, दोन वाट्या रस घेतला, बोटं चाटली. मग पाण्याचा तांब्या बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "आते मन्हं पोट भरेल शे. आते जाऊ का?"

सगळ्यांचे हात थांबले. मी तिचा चेहरा पाहिला, नाक्यावर माणसाचा पाहायचो तसा. कंटाळा आहे का, रुसवा आहे का, कुणी शिकवलेलं आहे का. ती माझी नजर न चुकवता बसून राहिली. तिला पाहू द्यायचं होतं. मी पुष्कळ शोधलं आणि खरं सांगतो, मला काहीतरी सापडावं असं फार वाटत होतं. म्हटलं असतं नाही, तर ती थांबली असती; आज्ञेशिवाय कुणी तिला घेतली नसती, आणि तिने कुरकुरही केली नसती. हे मला ठाऊक होतं, तिलाही होतं.

"जाय," मी म्हणालो.

आई पदरात तोंड घालून रडायला लागली. मुलांना काही कळेना, ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. मी ताटाकडे पाहत होतो. तिने टोपली पुढे ओढली आणि विचारलं, "भाऊ, आखो एक पोळी वाढू का?"

माझं पोट भरलं होतं. मी हो म्हणालो.